२६ जानेवारीला जोडून तीन दिवस, बावीस माणसं, मळ्यातलं घर : काय शिजवू?

गोदाकाठची | ११ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

यंदा २६ जानेवारी सोमवारी आलाय आणि २४ तारखेचा शनिवार चौथा, म्हणजे बँकवाल्यांनाही सुट्टी. आमच्या गोतावळ्यात बँकवाले तीन. दिवाळीतच सगळ्यांनी ठरवून टाकलं, की हे तीन दिवस आमच्याकडे, नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात. मुंबईच्या दोन्ही नणंदा, पुण्याचे दीर-जाऊ, माझा भाऊ-भावजय, मुलाचे मित्र असे धरून मोजून बावीस. सगळ्यांत मोठे सासरे ८१ वर्षांचे, सगळ्यांत लहान जावेची नात ९ महिन्यांची. रविवारी २५ ला रथसप्तमी आहे, तेव्हा तिचं बोरन्हाण आणि माझं हळदीकुंकू त्याच दिवशी उरकायचं आहे.

आता खरं काय ते सांगते. भाऊबीजेला हीच सगळी मंडळी आली होती. चिरोटे झाले, पुरण झालं, उंधियोसुद्धा केला. मी चारही दिवस ओट्यापाशी. निघताना धाकटी नणंद गाडीत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, "वहिनी, आपलं बोलणं राहूनच गेलं." तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आम्ही दोघी एका वयाच्या, माझ्या लग्नानंतरची पहिली मैत्रीण ती.

जेवण बाहेरून मागवणं मला पटत नाही. घरी माणसं आली की घरचं अन्न पानात पडावं, हे माझं म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. पण पानात काही कमी पडू नये आणि मलाही पंगतीत बसता यावं, असं काय करू? मेनू सांगा, युक्त्या सांगा, तुमच्याकडे कसं जमवता ते सांगा. अंगण मोठं आहे, चूल आहे, गोवऱ्या आहेत, विहिरीला पाणी आहे.

तिखटमीठ | ११ जानेवारी, रात्री १०:०५

शनिवारची सकाळ मिसळीला द्या, बाकी विचारच नको. रस्सा शुक्रवारी रात्रीच करून ठेवायचा, मुरला की दुसऱ्या दिवशी आणखी छान लागतो. बुधवारी रात्री मटकी भिजवा, गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. या थंडीत मोड यायला जास्त वेळ लागतो, गाठोडं पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेवा. बावीस जणांना सव्वा किलो कोरडी मटकी पुरते. पाव शंभर धरा. सकाळी फक्त रस्सा गरम करायचा. फरसाण, कांदा, लिंबू, दही, भाजलेले पापड टेबलावर मांडून ठेवायचे. ज्याचं त्याने घ्यावं.

पंचवटीकर | ११ जानेवारी, रात्री १०:१८

नाशिकला आलेल्या पाहुण्याला मिसळ घरी कशाला? पाहुणे मिसळीसाठी बाहेर पडले की घर दोन तास मोकळं मिळतं. चुलीवरच्या मिसळीला साधनाला न्या, नाहीतर पंचवटीत काळ्या रश्श्याची खाऊ घाला. आणि रस्सा काळाच हवा. कांदा-खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजल्याशिवाय ती मिसळ नाशिकची नाही.

तिखटमीठ | ११ जानेवारी, रात्री १०:२२

सुट्टीच्या शनिवारी सकाळी बावीस माणसांना एकत्र जागा मिळवून दाखवा, मग बोलू. आणि लाल रश्श्याची मिसळ खाऊन अर्धं नाशिक मोठं झालंय, पंचवटीकर!

पंचवटीकर | ११ जानेवारी, रात्री १०:२५

उरलेलं अर्धं काळ्यावर. जागेचा मुद्दा मात्र मान्य.

स्पष्टवक्ती | ११ जानेवारी, रात्री १०:५१

ताई, रागावू नका, पण हा प्रश्न मेनूचा नाहीच. बावीस माणसांत हात चव्वेचाळीस. तुम्ही चारही दिवस ओट्यापाशी होतात तेव्हा बाकीचे बेचाळीस हात काय करत होते? यजमान, दीर, मुलगा, त्याचे मित्र? मेनू कितीही सोपा केलात तरी वाढायला, उचलायला, घासायला तुम्हीच असाल तर नणंद पुन्हा तेच म्हणेल.

आमच्याकडे चार वर्षांपूर्वी यावरून मोठं वाजलं होतं. तेव्हापासून फळ्यावर नावं लिहितो. शनिवार सकाळचा चहा कोण, रात्रीची भांडी कोण. पहिल्या वर्षी सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्या वर्षी मामांनी स्वतःहून उपमा मागून घेतला. आता त्यांच्या उपम्याची वाट बघतात सगळे.

सांजवात | १२ जानेवारी, सकाळी ७:१२

स्पष्टवक्ती, तुमचं बरोबर आहे, पण पाहुण्याच्या नावापुढे भांडी लिहायला माझा हात धजणार नाही. माझी आई म्हणायची, माहेरी आलेल्या लेकीने चार दिवस बोटसुद्धा ओलं करू नये. घरच्या पुरुषांची नावं खुशाल लिहा, माहेरवाशिणींना मोकळं ठेवा.

स्पष्टवक्ती | १२ जानेवारी, सकाळी ७:४०

सांजवात, हे पटलं. माहेरवाशिणींना सूट. जावयांना नाही!

खान्देशी_ठसका | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

मी मूळचा धुळ्याचा, गेली १९ वर्षं इंदिरानगरात. ताई, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे : अंगण, चूल, गोवऱ्या. घरातला स्वयंपाक अंगणात आणा. ओट्यापाशी एकच बाई मावते, आगीभोवती अख्खं घर बसतं.

वरण-बट्टी करा. आमच्याकडे शेतातल्या बट्टीच्या जेवणाला बाप्येमाणसंच पुढे असतात, बायका गप्पा मारत बसतात. बावीस जणांचं प्रमाण लिहून घ्या. गहू जाडसर, रवाळ दळून आणायचे, तीन किलो. त्यात अर्धा किलो मका. ओवा, जिरं, हळद, मीठ आणि गरम तेलाचं मोहन सढळ हाताने. पीठ घट्ट भिजवायचं. मुठीएवढे गोळे करून गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, अधूनमधून परतायचे, वरून तडकले की झाले. राख झटकून, फडक्याने पुसून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. आर सांभाळायला कोणी नसेल तर गोळे उकडून घ्या, चकत्या करून तळा. तेही आमच्याकडे चालतं आणि म्हातारी माणसं तेच मागतात, मऊ असतं म्हणून.

सोबत सव्वा किलो तुरीच्या डाळीचं वरण. लसूण, जिरं, लाल मिरचीची फोडणी. आणि घोटलेली वांग्याची भाजी, तिच्याशिवाय बट्टी म्हणजे नवरदेवाविना वरात. तूप एक किलो आणा, कंजुषी केलीत तर बट्टी घशात अडकते.

दुसऱ्या दिवशी भरीत. आता जळगावची भरताची वांगी नाशिकच्या बाजारात भरपूर आहेत, हिरवी, पांढरट रेघांची, मोठाली. जांभळी घेऊ नका. पाच किलो पुरेत. आमच्याकडे तुरकाट्यांवर भाजतात. सोलून लाकडी बडगीत ठेचायची, मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. बरोबर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुऱ्या.

या मंग जेवाले, असं आमच्या अहिराणीत म्हणतात. हेच म्हणा आणि सगळ्यांना आगीपाशी बसवा.

देवळालीची | १२ जानेवारी, सकाळी ९:५५

वाचूनच भूक लागली. ऑफिसात बसलेय आणि डब्यात दुधी आहे.

मटणप्रेमी_सातपूर | १२ जानेवारी, सकाळी १०:१०

सगळं ठीक, पण मटण कधी? शनिवार मारुतीचा. रविवारी रथसप्तमी, बोरन्हाण, हळदीकुंकू. सोमवार महादेवाचा. मी कॅलेंडर तीनदा पाहिलं, जागाच नाही!

खान्देशी_ठसका | १२ जानेवारी, सकाळी १०:१६

शुक्रवारी रात्री. जे लवकर पोहोचतील त्यांना मिळेल. मुंबईची मंडळी चारलाच निघतील बघा.

सांजवात | १२ जानेवारी, सकाळी १०:३०

शुक्रवारी २३ ला वसंत पंचमी आहे हो.

मटणप्रेमी_सातपूर | १२ जानेवारी, सकाळी १०:३१

मग मी मंगळवारी येतो.

अण्णा_सिन्नर | १२ जानेवारी, दुपारी १:२०

जानेवारीत मळ्यात बावीस माणसं जमणार आणि अजून कोणी हुरड्याचं नाव काढलं नाही? खान्देशी दादांची बट्टी एक नंबर, पण हा महिना हुरड्याचा.

तुमच्या मखमलाबादकडे द्राक्षं आणि भाजीपाला, ज्वारी कमीच. आमच्या सिन्नरकडून किंवा नगरच्या बाजूने कणसं आणावी लागतील. शेतकऱ्याला आताच सांगून ठेवा, कारण हुरड्याचे दिवस मोजके. दाणा दुधातून बाहेर आलेला पण कडक न झालेला, असे आठ-दहा दिवसच मिळतात. वाण विचारून घ्या. गूळभेंडी मिळाली तर देव पावला, नाहीतर सुरती. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले मधुरही आमच्याकडे काही जण लावतात. कणसं त्याच दिवशी सकाळी कापलेली हवीत, शिळ्या कणसातली गोडी उतरते. माणशी दीडशे ग्रॅम दाणा धरा, म्हणजे साडेतीन किलो.

आगटी अशी करायची : वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून ज्वाळ खाली बसू द्यायचा. मग कणसं राखेत खुपसायची, फिरवत राहायची. दोन-तीन मिनिटांत वास सुटतो. काढून गरम गरमच हातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं. पहिल्यांदा चोळणाऱ्याचा हात भाजतो, त्याला अर्ध्यात उठवू नका, तिसऱ्या कणसाला जमतं. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, गोडी शेव, बोरं, ऊस, पेरू. आमच्याकडे हुरड्यावर पाणी पीत नाहीत, ताक पितात.

आणि ताई, हुरडा ताटात वाढून खोलीत देता येत नाही. तो आगटीपाशीच खायचा. तुम्हाला बसावंच लागेल.

दूरदेशी | १२ जानेवारी, दुपारी २:४५

जर्मनीत बाहेर बर्फ पडतोय. अण्णांचं "फुंकर मारून फोलपट उडवायचं" वाचून मी खिडकीपाशी उभी राहून स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले. अकरा वर्षं झाली मला हुरडा खाऊन. ताई, एक कणीस माझ्या नावाचं चोळा.

बाळाची_आजी | १२ जानेवारी, दुपारी ४:००

बोरन्हाणाबद्दल एक काळजीचं. बाळ ९ महिन्यांचं आहे, हाताला लागेल ते तोंडात घालणार. बोरं, हरभरे, शेंगदाणे, उसाचे करवे, हलवा, यातलं काहीही घशात अडकू शकतं. बाळाच्या डोक्यावर चुरमुरे, लाह्या आणि फुलांच्या पाकळ्या घाला, बाकीचं दुरून मोठ्या मुलांच्या दिशेने उधळा. लुटणारी तीच असतात. आमच्या नातवाच्या वेळी शेंगदाणा तोंडात गेला होता. सुनेने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. झालं की सतरंजी लगेच झटकून घ्या.

आणि रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर सुगडात दूध उतू घालवायचं विसरू नका. मुलांना भारी गंमत वाटते. आमची नातवंडं दूध कुठल्या दिशेला उतू जातंय यावर ओरडत असतात.

व्यवहारी | १२ जानेवारी, सायंकाळी ६:३०

मी थोडं वेगळं सांगतो. तीन दिवस, दिवसाला तीन वेळा, बावीस माणसं, म्हणजे दोनशेच्या आसपास पानं. एखादी वेळ बाहेरून मागवली तर घरचं प्रेम कमी होत नाही. दोन वेळा तरी बाहेरचं आणा.

देवळालीची | १२ जानेवारी, सायंकाळी ६:४८

आम्ही गेल्या वर्षी सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला हेच केलं होतं. जेवण साडेबाराला सांगितलेलं, आलं तीनला. तोवर माणसं चिवडा खाऊन पोट भरून बसली होती आणि उत्सवमूर्ती सासरे औषधाची वेळ टळते म्हणून दूध-पोळी खाऊन झोपी गेले. त्यांना नंतर उठवून ताट दिलं, पण ती पंगत गेली ती गेली. मला अजून वाईट वाटतं. मागवायचंच असेल तर मुख्य जेवण मागवू नका. सुकं मागवा, गोड मागवा, उशीर झाला तरी अडणार नाही असं.

पंचवटीकर | १२ जानेवारी, सायंकाळी ७:०५

सुक्यात चिवडा कोंडाजींचा. गोडात २६ ला जिलेबी, बुधा हलवाईकडून. आणि एका संध्याकाळी सायंताराचे साबुदाणेवडे. शनिवारचा उपास असणाऱ्यांची सोय होते, बाकीचे तर तुटून पडतातच. घरी एवढे वडे तळायला बसू नका.

पोळीभाजी | १२ जानेवारी, रात्री ८:२०

भाकऱ्या-पोळ्यांना मदतीला मावशी बोलवा. मात्र सोमवारची सुट्टी त्यांनाही असते, हे आधी विचारा. मी स्वतः लोकांकडे पोळ्या करून घर चालवलं आहे. सणावाराला घरी पोरं वाट बघत असताना दुसऱ्याच्या घरी साठ पोळ्या लाटताना काय वाटतं ते मला माहीत आहे. शनिवार-रविवार बोलवा, ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे द्या, हळदीकुंकवाला त्यांनाही पाटावर बसवून वाण द्या. सोमवारी मात्र त्यांना त्यांच्या घरी राहू द्या.

गोदाकाठची | १२ जानेवारी, रात्री ९:३०

पोळीभाजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना सात वर्षं झाली. मी त्यांना सोमवारचं विचारायच्या आधी गृहीतच धरलं होतं. उद्याच बोलते.

स्पष्टवक्ती, तुमचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला. ते गप्प बसले. मग म्हणाले, "बट्टी मी करतो."

खान्देशी_ठसका | १२ जानेवारी, रात्री ९:३४

वा! त्यांना माझा नमस्कार सांगा. आदल्या रविवारी चार बट्ट्या करून हात बसवून घ्या म्हणावं.

बागाईतदार_निफाड | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

द्राक्षांचं सांगतो, कारण पाहुणे येतात ते आल्या आल्या "द्राक्षं कुठायत" विचारतात. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीचा माल, तो खरा फेब्रुवारी-मार्चमध्ये गोडीला येतो. जानेवारीअखेरीला बाजारात दिसतात ती बरीचशी बागलाणातली अर्ली द्राक्षं. ती आणा, छान असतात. शेजारच्या बागेत मुलांना घड तोडायला मात्र सोडू नका. फवारणी झाल्यावर किती दिवसांनी माल काढायचा हे प्रत्येक औषधाचं ठरलेलं असतं आणि ते फक्त बागवाल्यालाच माहीत असतं. त्याला विचारून, त्याच्या हातून घ्या.

थंडीचंही बघा. आमच्या निफाडचा पारा किती खाली जातो ते तुम्ही बातम्यांत वाचताच, मळ्यात तुमच्याकडेही रात्री बोचरं असतं. मुंबईकर एक पातळ स्वेटर घेऊन येतील. घोंगड्या उन्हात टाकून ठेवा.

रानवाटा | १३ जानेवारी, सकाळी ८:१५

एक सकाळ नांदूरमध्यमेश्वरला द्या. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाणथळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये तो दर्जा मिळाला. जानेवारीत स्थलांतरित बदकं असतात आणि नशिबात असेल तर रोहित पक्षीही (फ्लेमिंगो). पहाटे निघा, सूर्य उगवताना चापडगावच्या बाजूला पोहोचा, दुर्बीण न्या. डब्यात धपाटे, दही, ठेचा. मुलं मोबाईल विसरतात, हे मी दरवर्षी पाहतो.

त्र्यंबकला जायचा बेत असेल तर सुट्टीची गर्दी आणि सिंहस्थाच्या कामांनी खोदलेले रस्ते, दोन्ही धरून चाला.

भीमकाठ | १३ जानेवारी, सकाळी ११:००

तीन दिवसांतला तिसरा दिवस प्रजासत्ताकाचा आहे, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. सकाळी झेंडावंदन झालं की मुलांना काळाराम मंदिरापाशी घेऊन जा. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, आपल्या जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. माझे पणजोबा त्या गर्दीत होते, आजी सांगायची. मंदिरात जायचा हक्क मागणाऱ्या माणसाने पुढे वीस वर्षांच्या आत देशाची राज्यघटना उभी केली. हे मुलांना त्या दारासमोर उभं करून सांगितलं की पुस्तकातल्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. आम्ही दर २६ जानेवारीला जातो, मग घरी येऊन आई पुरणपोळी करते.

सांजवात | १३ जानेवारी, सकाळी ११:२५

भीमकाठ, पंचवटीत जन्म गेला माझा आणि नातवाला मी तिथे फक्त दर्शनाला नेलं आहे. या २६ ला हे सांगेन.

गोडनको | १३ जानेवारी, दुपारी १२:१०

सासरे ८१ चे आहेत म्हणून विचारते, साखर आहे का त्यांना? माझ्या वडिलांना आहे. अशा मेळाव्यात त्यांचं ताट वेगळं काढलं की ते हिरमुसतात. आम्ही आता सगळ्यांच्याच जेवणात ज्वारीची भाकरी, भरीत, मेथीची भाजी, ताक भरपूर ठेवतो, गोड थोडं. मग त्यांना वेगळं काढावं लागत नाही, ते सगळ्यांबरोबर तेच खातात.

गोदाकाठची | १४ जानेवारी, रात्री ८:४५

तिळगूळ घ्या, गोड बोला! सासऱ्यांना साखर आहेच. गोडनको, तुमचं म्हणणं तसंच्या तसं उचललं.

ठरलं ते असं. शुक्रवारी रात्री येतील तसे पिठलं-भाकरी. शनिवारी सकाळी मिसळ (लाल रस्सा, पंचवटीकर माफ करा), दुपारी हलकं, संध्याकाळी हुरडा. अण्णांच्या सांगण्यावरून सिन्नरच्या एका शेतकऱ्याला कळवलं आहे. रविवारी दूध उतू घालवणं, बोरन्हाण, दुपारी भरीत-भाकरी, संध्याकाळी हळदीकुंकू आणि साबुदाणेवडे. सोमवारी झेंडावंदन, काळाराम, जिलेबी आणि दुपारी यजमानांची बट्टी. पाखरं बघायला एक तुकडी रविवारी पहाटे जाईल, बोरन्हाणाच्या आत परत येण्याच्या बोलीवर.

मावशी सोमवारी सुट्टी घेणार आहेत. रविवारी मुलीला घेऊन हळदीकुंकवाला येतील.

मटणप्रेमी_सातपूर | १४ जानेवारी, रात्री ९:००

मंगळवारचं काय ठरलं?

स्पष्टवक्ती | २६ जानेवारी, रात्री १०:१५

गोदाकाठची, आज सारखी तुमची आठवण येत होती. वृत्तांत हवाय.

गोदाकाठची | २७ जानेवारी, दुपारी ३:३०

घर आत्ता शांत झालं, म्हणून लिहायला बसले.

मिसळ उत्तम. पाव मात्र कमी पडले, मुलाच्या मित्रांचा अंदाज चुकला, तिखटमीठ, पुढच्या वेळी सव्वाशे सांगा. पाखरांच्या तुकडीला रोहित दिसले नाहीत, बदकं खूप दिसली. ते परत आले तेव्हा दूध उतू जायची वेळ टळून गेली होती, मुलं हिरमुसली. मग जाऊबाईंनी दुसरं सुगड काढलं आणि पुन्हा दूध ठेवलं. दोनदा उतू गेलं आमचं दूध यंदा. बोरन्हाण इथल्या 'बाळाची_आजी' यांनी सांगितलं तसं केलं. बाळाने चुरमुरे स्वतःच उधळले.

सोमवारी काळारामापाशी सासऱ्यांनी स्वतः मुलांना सत्याग्रहाचं सांगितलं. मला वाटलं होतं मलाच बोलावं लागेल. त्यांना मी इतकं बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

बट्टी! आदल्या रविवारी हात बसवूनही पहिला घाणा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा झाला, ज्वाळ खाली बसू न देता गोळे घातले म्हणून. यजमान घामाघूम. मोठ्या नणंदेच्या यजमानांनी शर्टाच्या बाह्या सारल्या, दीर गोवऱ्या फोडायला बसले, आणि दुसरा घाणा जमला. जेवायला पावणेतीन वाजले. पण आगीभोवती बसून सगळ्यांनी वाट पाहिली, जिलेबी तोवर संपली होती. घोटलेलं वांगं मी केलं, तेवढंच. पंगतीत पहिल्यापासून बसले. पान मला दिरांनी वाढलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे पहिल्यांदा.

आता हुरड्याचं. शनिवारी आठला आगटी पेटली. मुलं, मोठे एकेक करून आत गेले. साडेअकराला आम्ही दोघीच उरलो, धाकटी नणंद आणि मी. निखारे होते, चार कणसं होती. ती चोळत होती, मी फुंकत होते. तिने मला तिच्या नोकरीचं सांगितलं, जे घरात कुणालाच माहीत नाही. मी तिला आईच्या आजारपणातलं सांगितलं, जे मी कुणाशीच बोलले नव्हते. आत गेलो तेव्हा दीड वाजला होता आणि दोघींचे केस धुराने भरले होते.

दूरदेशी, तुमच्या नावाचं कणीस तिनेच चोळलं.

दूरदेशी | २७ जानेवारी, दुपारी ४:०२

पोहोचलं.

अण्णा_सिन्नर | २७ जानेवारी, दुपारी ४:२०

दाणा कसा निघाला? पुढच्या वर्षी आमच्या शेतात या सगळे. बावीसचे तीस झाले तरी चालतील.

देवळालीची | २७ जानेवारी, सायंकाळी ५:१०

आणि निघताना नणंद काय म्हणाली या वेळी?

गोदाकाठची | २७ जानेवारी, सायंकाळी ५:४५

अण्णा, दाणा लोण्यासारखा निघाला. नक्की येऊ.

देवळालीची, ती अजून निघालीच नाही. बाकी सगळे काल रात्री गेले, हिने आजची रजा टाकली. आत्ता समोर मटार सोलतेय, तुमचे प्रतिसाद मी तिला वाचून दाखवतेय. मटणप्रेमींचं ऐकून म्हणाली, "वहिनी, आज मंगळवारच आहे ना? सांग की त्यांना, या म्हणावं."